कि. मधुमिता आणि बेडकाचा दाखला

१

कुंभकोणमच्या डॉक्टर मधुमितेने एका बेडकाला तपासून तो निरोगी असल्याचा दाखला दिला, ही बातमी मला गुरुवारी सकाळी दूधवालीकडून कळली. ती इतकी हसत होती की दूध माझ्या भांड्यात कमी आणि उंबऱ्यावर जास्त पडलं.

मधुमिता गुरांची डॉक्टर. आमच्याच गल्लीतल्या, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी कृष्णरावांची मुलगी. तासाभरात ती स्वतःच आली. हातात लांब पाकीट.

"आत्या, आधी तुम्हीही हसून घ्या. मग बोलू."

"बस गे. कॉफी घे. हसायचं की नाही ते वाचून ठरवते."

पाकिटात दोन कागद होते. पहिला टंकलेला, तमिळमधला, डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या मंडळाचा आदेश. त्यात लिहिलं होतं, की पापनाशम्‌जवळच्या एका खेड्यात गुरांच्या तपासणीचं शिबिर झालं. तिथे अकरा गाई तपासल्याचा दाखला 'कि. मधुमिता' अशी सही करून एका डॉक्टरने दिला. यादीत सातव्या क्रमांकावर नोंद आहे: 'तवळै, वय चार वर्षे, निरोगी.' तवळै म्हणजे तमिळमध्ये बेडूक. म्हणजे डॉक्टरने गुरं न पाहताच घरी बसून यादी भरली. म्हणून नोंदणी सहा महिने स्थगित.

"तू गेली होतीस त्या शिबिराला?"

"कुठलं शिबिर, आत्या! त्या गावाची वाटही मला ठाऊक नाही. खुलासा मागणारी दोन पत्रं पाठवली म्हणे. ती माझ्या कॉलेजच्या वसतिगृहावर गेली, हा आदेशही तिथूनच फिरत काल आला. नोंदणीत अजून तोच पत्ता आहे, तो बदलायचं राहिलं, तेवढी चूक माझी."

कॉफी तिने तोंडाला लावली नाही. तिरुप्पनंदाळजवळच्या एका गोशाळेत तिची नेमणूक ठरल्यात जमा होती. साठ गाई आणि राहायला घर. तीन वर्षं ती या कामाची वाट पाहत होती. काल तिथले व्यवस्थापक जानकीराम फोनवर म्हणाले, मंडळाची यादी सगळ्यांना पाहता येते अम्मा, आम्हीही पाहिली. सोमवारी सकाळपर्यंत काही उलगडा होत असेल तर या. नाहीतर आम्ही दुसऱ्यांना बोलावतो.

"आणि तोवर मी मांजरालासुद्धा सुई टोचू शकत नाही," ती म्हणाली.

अडतीस वर्षं मी कुंभकोणमच्या टपालात पत्रं निवडली आहेत. एका नावाची दोन माणसं असली की काय काय घडू शकतं, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मी चष्मा पुसला.

"सही तुझी आहे का?"

"नाही," मधुमिता म्हणाली. "पण नाव माझंच आहे."

२

त्यागराजचं संगणकाचं दुकान महामहम तलावाच्या पूर्वेच्या कोपऱ्यावर आहे. मधुमितेची सगळी कागदपत्रं, नोंदणीचं नूतनीकरण, फोटो, सही, तोच मंडळाकडे पाठवतो. म्हणजे तिची सही त्याच्या संगणकात आहे. पहिला संशय मी त्याच्यावरच घेतला.

तो तमिळमध्ये म्हणाला, "मामी, माझ्याकडे असं बघू नका. माझ्याकडची सही इंग्रजीत आहे. बघा." पडद्यावर त्याने ती मोठी करून दाखवली. "दाखल्यावरची तमिळमध्ये आहे. चोरायचीच असती तर जी माझ्याकडे आहे ती चोरली असती ना?"

बोलणं बरोबर होतं. मी विचारलं, "मंडळाची यादी दाखव."

मला वाटलं होतं काही गुप्त शब्द लागेल. काही लागत नाही. कोणीही नाव घालावं आणि बघावं: नाव, नोंदणी क्रमांक, पत्ता, आणि शेवटी शेरा. पूर्वी माणसाची अब्रू चौघांत जायची. आता ती पडद्यावर जाते आणि चौघं घरबसल्या पाहतात.

त्याने 'मधुमिता' घातलं. सात मधुमिता निघाल्या. प्रत्येकीच्या पुढे वडिलांच्या नावाचं एकेक इंग्रजी अक्षर. आमच्याकडे आडनाव कागदावर येत नाही. बापाच्या नावाचं पहिलं अक्षर, एक टिंब, आणि मग आपलं नाव. एवढ्यावर सगळा जन्म निघतो. सातांपैकी एकीपुढे 'के' होतं. तिच्याच ओळीत लाल शेरा.

"आता काय बघायचं, मामी?" त्यागराज म्हणाला. "दाखल्यावर 'कि. मधुमिता'. कि म्हणजे के. 'के' एकच आहे, आणि ती ही इथे उभी आहे."

मधुमिता बाहेर गेली आणि तलावाकडे तोंड करून उभी राहिली.

"एक सांगू का?" त्यागराजने आवाज खाली आणला. "गेल्या आठवड्यात आणखी एकाने हेच पान माझ्याकडून छापून नेलं. डॉक्टर जयकुमार. दोन प्रती."

३

जयकुमारचा दवाखाना बाणादुरैच्या बाजूला. मधुमितेला गोशाळा मिळाली नाही तर ती त्याला मिळणार, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. शुक्रवारी आम्ही गेलो तेव्हा तो एका कुत्र्याच्या कानात थेंब घालत होता.

"या डॉक्टर! बेडूक बरा आहे?"

"तुमच्यासारखाच आहे," मधुमिता म्हणाली. "नुसता ओरडतो."

कुत्र्याचा मालक हसला. जयकुमारही हसला, आणि मला तो थोडा आवडला. हे मी मनाविरुद्ध लिहिते आहे.

मी सरळ विचारलं, "यादीच्या दोन प्रती कशाला नेल्यास?"

"एक गोशाळेला दिली. लपवत नाही, मामी. मलाही काम हवं आहे. पण दाखला मी केला असं म्हणत असाल तर चूक. बेडकाचा विनोद मला सुचला असता तर मी तो छापून आणला असता." त्याने हात धुतले. "मूळ हस्ताक्षर तरी बघू द्या. आम्ही फक्त टंकलेलं ऐकतोय."

पाकिटातला दुसरा कागद म्हणजे मूळ दाखल्याची छायाप्रत होती. इतकी पुसट, की आम्ही कोणी ती नीट पाहिली नव्हती. जयकुमारने ती दिव्याखाली धरली आणि मोठ्याने वाचत गेला. करुप्पी, म्हणजे काळी. सेव्वी, म्हणजे तांबडी. मग लक्ष्मी, मग आणखी एक करुप्पी. शिबिरात गाईंना जी नावं घरी असतात तीच लिहिली होती. सातव्या ओळीवर आला.

"तव... तवळै. हा बघा बेडूक. लिहिणाऱ्याला शुद्धलेखनही येत नाही. 'ळै' हवं, तिथे 'ळि' काढलंय."

"परत वाच," मी म्हणाले.

"तवळै."

"जे आहे ते वाच. जे असायला हवं ते नको."

त्याने कागद डोळ्यांजवळ आणला. "तवळि. पण असा शब्दच नाही, मामी."

तमिळमध्ये नाही, खरं. तमिळमध्ये त, थ, द, ध या चौघांना मिळून एकच अक्षर. वाचणाऱ्याने आपल्या जिभेने ठरवायचं. मी ते अक्षर माझ्या जिभेने वाचलं, आणि सत्तर वर्षांमागचा इन्नंबूरचा आमचा गोठा समोर उभा राहिला. दावणीला तीन गाई. पलीकडची सर्वांत शांत, चुन्यासारखी पांढरी. माझी आई संध्याकाळी तिलाच आधी हाक मारायची.

"धवळी!" मी म्हणाले.

महाराष्ट्रात आता ढवळी म्हणतात, असं ऐकते. आम्ही तिकडून निघालो तेव्हाचा शब्द आमच्याकडे अजून धवळीच राहिला आहे. ढवळी म्हटलं असतं तर तमिळमध्ये दुसरं अक्षर पडलं असतं आणि बेडूक जन्मलाच नसता. मंडळातल्या कोणा टंकणाऱ्याला वाटलं, शब्द चुकलाय. त्याने बिचाऱ्याने तो सुधारला.

जयकुमारला मी हे समजावलं. तो मनापासून चकित झाला. म्हणजे तो सुटला. ज्याला शब्द वाचता येत नाही तो लिहील कसा?

पण त्याने लगेच भुवई उंचावली.

"म्हणजे दाखला लिहिणारी मराठी आहे. बाप 'कि'. नाव मधुमिता. आणि गुरांची डॉक्टर." त्याने कागद तिच्या हातात दिला. "डॉक्टर, मामी तुम्हाला सोडवायला आल्या आहेत की अडकवायला?"

४

घरी परतलो. मधुमिता दाराशी म्हणाली, "आत्या, मी शपथ घेऊ का?"

"शपथ कशाला? त्यागराज म्हणाला, कि म्हणजे के. ते एवढं एक वाक्य मला खुपतंय."

मी पाटावर बसले आणि मनातल्या मनात पत्रं निवडू लागले. तमिळमध्ये क आणि ग यांनाही एकच अक्षर. कृष्णराव असा लिहायचा: किरुष्णराव. त्याचा 'कि'. आणि गिरिधरराव? किरिदरराव. त्याचाही 'कि'.

गिरिधरराव.

हे नाव मी तीस वर्षांत उच्चारलं नव्हतं, आणि त्याला कारण आहे.

आमच्या गल्लीत तेव्हा दोन 'कि. राव' होते. मधुमितेचे वडील कृष्णराव समोरच्या घरात आणि गिरिधरराव वळणावर. दोघांच्या पत्रांवर तमिळमध्ये नुसतं 'कि. राव' आणि गल्लीचं नाव. मी पाठवणाऱ्याचं गाव पाहून पत्र डाव्या खणात की उजव्या खणात हे ठरवायची. कधी चुकले नाही. एकदा चुकले. ब्याण्णव साली दोघांच्याही घरी आठवड्याच्या अंतराने मुली झाल्या. दोघांनीही तंजावरच्या एकाच ज्योतिषाला नाव विचारलं. त्याचं पहिलं कार्ड आलं ते गिरिधररावांचं होतं. मी ते कृष्णरावांच्या खणात टाकलं. कार्डावर होतं, 'मुलीचं नाव मधुमिता ठेवावं.' कृष्णरावांनी ठेवलं. बारसं झालं, घुगऱ्या वाटल्या, आणि मग गिरिधरराव टपालात विचारायला आले, माझं कार्ड कुठे?

"राजेश्वरीबाई," सगळं कळल्यावर ते म्हणाले, "तुमच्या खणाने माझ्या मुलीचं नाव दुसऱ्याला वाटून टाकलं की हो!" पण हट्टी माणूस. त्यांनीही मुलीचं नाव तेच ठेवलं. पोरी दोन वर्षांच्या झाल्या तेव्हा ते बदली घेऊन मन्नारगुडीला गेले.

हे सगळं मी मधुमितेला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "म्हणजे माझं नाव चुकीच्या पत्त्यावर आलंय?"

"होय की. आणि दोघी गुरांच्या डॉक्टर कशा झाल्या ते मला विचारू नको. तेवढ्याला मी जबाबदार नाही."

तिने फोन काढून यादी उघडली. सात मधुमिता. आम्ही कोणी 'के'पलीकडे पाहिलंच नव्हतं. तिने बोट खाली सरकवलं आणि थांबवलं. इंग्रजी 'जी' अक्षर. जी. मधुमिता. कायमचा पत्ता मन्नारगुडी. सध्याचा पापनाशम्. शेऱ्याचा रकाना कोरा.

५

शनिवारी आम्ही पापनाशम्‌ला उतरलो. घर शोधायला वेळ लागला नाही. "मधुमिता डॉक्टरम्मा?" रिक्षावाला म्हणाला. "बेडकाची भानगड झाली ती नव्हे बरं का, ही चांगली आहे."

माझ्या शेजारच्या मधुमितेने रस्त्याकडे तोंड वळवलं.

दार उघडणारीचं कपाळ हुबेहूब गिरिधररावांचं होतं. आम्ही मराठीत बोलल्यावर ती आधी हरखली. मग मी शेजारी उभी असलेलीचं नाव सांगितलं, आणि तिने दाराची चौकट धरली.

"आत या," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं, एक दिवस याल."

"धवळी कोणाची गाय गे?" मी विचारलं.

तिने काही लपवलं नाही. शिबिर तिनेच घेतलं होतं. ते गाव म्हणजे तिच्या नवऱ्याचं, शशांकचं, आजोळ. अकराच्या अकरा गाई तिने हाताने तपासल्या होत्या. सातवी शशांकच्या मामांची. नाव विचारलं तर ते म्हणाले धवळी, तिने तसंच तमिळमध्ये उतरवलं. दाखल्यावर आपल्या नोंदणी क्रमांकाचा शिक्का मारायचा राहिला.

"बातमी वाचली तेव्हा मी हसले. खरंच हसले. माझ्या लक्षातच आलं नाही. मग यादी पाहिली, आणि लाल शेरा दुसरीच्या नावापुढे. मला वाटलं, चौकशी होईल, तिची सही जुळणार नाही, आपोआप सुटेल. माझी इथली नोकरी तात्पुरती आहे. मार्चमध्ये कायम करणार होते. मी म्हटलं सहा महिनेच तर आहेत."

"कोणाचे सहा महिने?" माझी मधुमिता म्हणाली.

शशांकने पाणी आणून ठेवलं आणि तो आत निघून गेला.

"गाय तरी दाखव," मी म्हणाले. इतक्या लांब येऊन तिला न पाहता परतणं मला जमण्यासारखं नव्हतं.

त्या खेड्यात मामांच्या शेताच्या कडेला, केळीच्या बनाजवळ ती बांधली होती. पांढरी, कानाशी थोडी राखाडी. माझी आई हाक मारायची तशी मी मारली. तिने मान वळवली, पण ती उठली नाही. मागचा पाय ओढून पोटाशी घेत होती. दोघी मधुमिता एकाच वेळी पुढे झाल्या.

मग माझी थांबली. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एका हाताने दुसऱ्याचं मनगट धरलं, जत्रेत काही शिवू नये म्हणून मुलं धरतात तसं.

"खुराच्या फटीत बघ," ती म्हणाली. "सूज वरपर्यंत आली आहे. मला हात लावता येत नाही."

"इथे कोण बघतंय? तू लाव. तू जवळ आहेस."

"यादीत लिहिलंय, नको लावू. ते खोटं असलं तरी लिहिलंय. उद्या कोणी म्हणालं की ही बंदीतही गुरांना हात लावत होती, तर त्याला मी काय सांगू?"

गाईने डोकं हलवलं. तिच्या तोंडासमोर एक डॉक्टर हात मागे बांधून उभी होती, आणि तसं कोणी करायला लावलं ते तिथल्या तिघींनाही ठाऊक होतं.

गिरिधररावांची मुलगी गुडघ्यांवर बसली. खूर उचलून तिने फट पाहिली, अडकलेला बाभळीचा काटा काढला, जखम धुतली. पुढे काय करावं हे मागून दुसरीचा आवाज सांगत होता आणि ती तसं करत होती. काम संपल्यावर ती हात न पुसताच म्हणाली,

"सोमवारी किती वाजता?"

६

गोशाळेचे व्यवस्थापक जानकीराम हे सावकाश बोलणारे गृहस्थ. ओटीवर जयकुमार आधीच येऊन बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. आम्हाला तिघींना पाहून त्याने आपणहून खुर्ची दिली.

गिरिधररावांच्या मुलीने मंडळाला पाठवलेल्या पत्राची प्रत टेबलावर ठेवली. सोबत गाईचा फोटो, मामांचं निवेदन, आणि धवळी या शब्दाचा अर्थ माझ्या अक्षरात. जानकीरामांनी सगळं दोनदा वाचलं.

"अम्मा, यादीत मात्र अजून लाल शेरा आहे."

"त्याला दिवस लागतील," माझी मधुमिता म्हणाली. "तोवर मी गाईंना हात लावणार नाही. थांबायला सांगायला आले आहे, एवढंच."

"कोणाच्या शब्दावर थांबू?"

"माझ्या," दुसरी पुढे झाली. "तो दाखला मी लिहिला."

"आपलं नाव?"

"मधुमिता."

जानकीरामांनी माझ्या मधुमितेकडे पाहिलं, मग पुन्हा तिच्याकडे. जयकुमारला हसू आवरेना, त्याने तोंडावर रुमाल धरला.

"कागदावर काय फरक आहे दोघींत?" जानकीरामांनी विचारलं.

"एका अक्षराचा. आणि तमिळमध्ये तोही नाही," गिरिधररावांची मुलगी म्हणाली.

"मग मी कसं ओळखायचं, कोणती कोणती ते?"

मला वाटलं, आता हिचा धीर सुटेल. मार्चची नोकरी, तात्पुरती जागा, सगळं तिच्या डोळ्यांसमोर असणारच.

"दाखला खरा होता, तेव्हा दोष कोणाच्याच हातचा नाही," ती म्हणाली. "पण यादी पाहिल्यापासून सगळं ठाऊक असून गप्प बसली ती मी. ही नव्हे."

जानकीरामांनी टोपण काढून पेन हातात घेतलं, आणि समोरच्या कागदावर दोन्ही बापांची नावं पुरती लिहून घेतली. मग जयकुमारला म्हणाले, "डॉक्टर, यादी सुधारेपर्यंत तुम्ही येऊन बघाल का? तेवढ्यापुरतंच."

"येईन," जयकुमार म्हणाला. "पण सुया कशा टोचायच्या ते या मागे उभ्या राहून मला सांगणार असतील, तर मी आधीच सांगतो, मला राग येतो."

"सांगेन," कृष्णरावांची मधुमिता म्हणाली, आणि शनिवारपासून जणू पाठीमागेच धरून ठेवलेले हात तिने सोडले.